फिल्टर चक्र (प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक)

फिल्टर चक्र हे प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाला, म्हणजेच फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपला, जोडले जाणारे साहाय्यक उपकरण आहे. मोटरवर फिरणाऱ्या एका चकतीच्या कडेने ठरावीक अंतरावर गोल घरे असतात व प्रत्येक घरात वेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश सोडणारा फिल्टर बसविलेला असतो. चकती फिरवून हवा तो फिल्टर प्रकाशमार्गात आणता येतो. एकाच नमुन्यातील दोन किंवा अधिक रंजकांची चित्रे एकापाठोपाठ घेण्यासाठी हे चक्र वापरतात. त्याची निवड करताना घरांची संख्या व वेग यांकडे प्रथम लक्ष जाते; तथापि चक्र प्रकाशमार्गात कोठे बसणार आहे आणि नमुना जिवंत आहे की स्थिरीकृत, यांवर ही निवड मुख्यतः अवलंबून असते.

पार्श्वभूमी

काही पदार्थ एका तरंगलांबीचा प्रकाश शोषून त्याहून अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. या घटनेला प्रतिदीप्ती म्हणतात. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. शोषलेल्या व उत्सर्जित प्रकाशाच्या तरंगलांबींतील अंतराला त्यांच्या नावावरून ‘स्टोक्स विस्थापन’ असे नाव मिळाले.

प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकात तीन प्रकाशीय घटक एकत्र काम करतात. उत्तेजन फिल्टर दिव्याच्या प्रकाशातून रंजकाला चेतविणारा पट्टा निवडतो. द्विवर्णी आरसा तो पट्टा नमुन्याकडे परावर्तित करतो व नमुन्याकडून परत येणारा अधिक तरंगलांबीचा प्रकाश आरपार जाऊ देतो. उत्सर्जन फिल्टर उरलासुरला उत्तेजक प्रकाश अडवून केवळ प्रतिदीप्त प्रकाश कॅमेऱ्यापर्यंत पोहोचवितो. प्रतिदीप्त प्रकाश उत्तेजक प्रकाशाच्या तुलनेने अतिशय क्षीण असल्यामुळे चांगल्या फिल्टरची अवरोधक घनता ६ किंवा त्याहून अधिक असावी लागते. याचा अर्थ, नको असलेल्या प्रकाशाचा दहा लाखांतील एकच भाग पलीकडे जातो.

हे तिन्ही घटक एका लहान ठोकळ्यात बसवून त्यास फिल्टर घन म्हणतात. असे अनेक घन सूक्ष्मदर्शकाच्या फिरत्या मंचकावर असतात. रंजक बदलायचा म्हणजे संपूर्ण घन बदलायचा, ही जुनी व आजही प्रचलित असलेली रीत आहे. मात्र मोटरवर चालणाऱ्या मंचकालाही घन बदलण्यास काही दशांश सेकंदांपासून सुमारे एक सेकंदापर्यंत वेळ लागतो. शिवाय प्रत्येक घनातील आरशाचा कोन किंचित निराळा असल्याने दोन रंगांतील प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत. या दोन अडचणींवरील उपाय म्हणून आरसा जागेवर ठेवून केवळ फिल्टर बदलणारे चक्र उपयोगात आले.

प्रकार व स्थान

उत्तेजन चक्र दिवा व सूक्ष्मदर्शक यांच्या दरम्यान असते. त्यातील फिल्टर प्रतिमेच्या मार्गात येत नसल्यामुळे त्यांच्यातील किरकोळ दोषाने प्रतिमा सरकत नाही. उत्सर्जन चक्र बहुधा सूक्ष्मदर्शकाचा देह व कॅमेरा यांच्या दरम्यान बसवितात. ते प्रतिमेच्या मार्गातच असल्याने त्यातील फिल्टर अधिक उच्च प्रतीचे असावे लागतात.

चक्रांबरोबर बहुपट्टा द्विवर्णी आरसा वापरतात. तो तीन-चार रंजकांसाठी एकाच वेळी चालतो. याच्या दोन रचना प्रसिद्ध आहेत. पिंकेल रचनेत उत्तेजन फिल्टर एकपट्टा असतात, तर आरसा व उत्सर्जन फिल्टर बहुपट्टा असून स्थिर राहतात. म्हणून उत्तेजन बाजू बदलली की पुरते. सेडाट रचनेत उत्तेजन व उत्सर्जन असे दोन्ही फिल्टर एकपट्टा असून दोन्ही बाजूंना बदलतात. ही नावे अनुक्रमे डॅनियल पिंकेल व जॉन सेडाट या शास्त्रज्ञांवरून पडली आहेत.

पिंकेल रचना वेगवान असली तरी तिच्यात एका रंजकाचा प्रकाश दुसऱ्याच्या चित्रात झिरपण्याचा धोका अधिक असतो. उदाहरणार्थ, फ्लुओरेसीन या हिरव्या रंजकाचा उत्सर्जन पट्टा तांबड्या बाजूला दूरवर पसरलेला असतो. त्याला चेतविणारा निळा प्रकाश शेजारच्या नारिंगी रंजकालाही थोडा चेतवितो. उत्सर्जन फिल्टर बहुपट्टा असल्यास हा दुसरा प्रकाशही हिरव्या रंजकाच्या चित्रात मोजला जातो. परिणामी दोन प्रथिने पेशीत एकाच ठिकाणी आहेत असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. सहस्थानाचा प्रश्न महत्त्वाचा असेल तेथे उत्सर्जन चक्र ही चैन नसून गरज ठरते.

रंजकांनुसार गरज

पुढील तरंगलांबी नेहमीच्या रंजकांच्या शोषण व उत्सर्जनाच्या कमाल मर्यादा दर्शवितात. त्या स्थूलमानाने घ्याव्यात.

डॅपी (केंद्रकातील डीएनए): शोषण ३५८, उत्सर्जन ४६१ नॅनोमीटर
वर्धित हरित प्रतिदीप्त प्रथिन: शोषण ४८८, उत्सर्जन ५०७ नॅनोमीटर
एम-चेरी: शोषण ५८७, उत्सर्जन ६१० नॅनोमीटर
साय-५: शोषण ६५०, उत्सर्जन ६७० नॅनोमीटर

या चार रंजकांना चार घरे लागतात. एक घर उघड्या प्रकाशाच्या चित्रासाठी व एक भविष्यातील रंजकासाठी धरले तर सहा घरे पुरेशी होतात. बाजारात दहा-बारा घरांची चक्रेही मिळतात. परंतु घरे वाढली की चकतीचा व्यास व वजन वाढते, तिचे जडत्व वाढते आणि ती थांबविणे व हलविणे कठीण होते. न लागणाऱ्या घरांची किंमत अशा रीतीने वेगाच्या रूपाने मोजावी लागते. फिल्टरचा व्यास बहुधा २५ किंवा ३२ मिलिमीटर असतो. मोठ्या संवेदक कॅमेऱ्याला २५ मिलिमीटरचा फिल्टर कडेने प्रकाश अडवीत नाही ना, हे आधी तपासणे आवश्यक असते.

वेग

वेगवान चक्र शेजारच्या घरात साधारणतः ३० ते १०० मिलिसेकंदांत जाते. समोरच्या घरात जाण्यास अधिक वेळ लागतो. म्हणून एकापाठोपाठ लागणारे फिल्टर शेजारी शेजारी बसवितात.

वेगाचे महत्त्व जिवंत पेशीत स्पष्ट होते. कायनेसिन हे प्रथिन पेशीतील सूक्ष्मनलिकांवरून सेकंदाला सुमारे ०.८ मायक्रोमीटर वेगाने चालते व पुटिका वाहून नेते. दोन रंगांच्या चित्रांत एक सेकंदाचे अंतर पडल्यास एकच पुटिका दोन वेगळ्या जागी दिसेल, कारण सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता सुमारे ०.२ मायक्रोमीटर असते. चक्राला ५० मिलिसेकंद व प्रत्येक चित्राला १०० मिलिसेकंद लागले, तर हे विस्थापन सुमारे ०.१२ मायक्रोमीटर, म्हणजे विभेदनमर्यादेच्या आत राहते. मात्र चित्राचा प्रकाशनकाळच ५०० मिलिसेकंद असेल, तर ५० ऐवजी ३० मिलिसेकंदांचे महाग चक्र घेऊन फारसे काही साधत नाही.

चित्रे घेण्याचा क्रमही तितकाच महत्त्वाचा असतो. तीन रंगांत ५० स्तरांची चित्रे घ्यायची असून प्रत्येक स्तरावर रंग बदलला, तर १५० बदल होतात. दर बदलास ५० मिलिसेकंद धरल्यास चक्राचा वेळ ७.५ सेकंद होतो; एक सेकंद घेणाऱ्या मंचकाला तो अडीच मिनिटे लागेल. याउलट एका रंगाचे सर्व स्तर संपवून मग रंग बदलल्यास केवळ दोन-तीन बदल पुरतात, पण एकाच स्तराच्या दोन रंगांत अनेक सेकंदांचे अंतर पडते. स्थिरीकृत नमुन्यास हा दुसरा क्रम चालतो. अशा कामासाठी मंद व स्वस्त चक्रही पुरेसे असते.

प्रतिमेची अचूकता

फिल्टरच्या दोन बाजू पूर्णतः समांतर नसल्यास तो पाचरीप्रमाणे किरण वळवितो. समांतर किरणांच्या मार्गात ठेवलेल्या फिल्टरला एका अंशाच्या साठाव्या भागाइतकी पाचर असेल आणि नलिका भिंगाचे नाभीय अंतर २०० मिलिमीटर असेल, तर प्रतिमा कॅमेऱ्यावर सुमारे २९ मायक्रोमीटर सरकते. ६.५ मायक्रोमीटरच्या पिक्सेलवर हे अंतर चार पिक्सेलांहून अधिक भरते. म्हणून उत्सर्जन फिल्टरची समांतरता विचारून घेणे आवश्यक असते.

कॅमेऱ्याकडे अभिसरण पावणाऱ्या किरणांत फिल्टर ठेवल्यास नाभीयन सरकते. ३.५ मिलिमीटर जाडीच्या व १.५ अपवर्तनांकाच्या काचेमुळे प्रतिमेचे प्रतल सुमारे १.२ मिलिमीटर मागे जाते. सर्व घरांतील फिल्टर सारख्या जाडीचे असल्यास हा बदल एकसारखा राहतो. एखादे घर रिकामे असल्यास तेथे समान जाडीची साधी काच बसवितात.

चकती थांबताना बसणारा धक्काही प्रतिमा हलवितो. उत्तेजन चक्र स्वतंत्र आधारावर ठेवून प्रकाश द्रवनलिकेने किंवा तंतूने आणल्यास कंपने टळतात. कॅमेऱ्याजवळील चक्राबाबत ही सोय नसल्याने त्याच्या गतिनियंत्रणाचा दर्जा पाहावा लागतो.

नमुन्याचे रक्षण

चकती फिरत असताना मधल्या फिल्टरांतून नमुन्यावर अनावश्यक प्रकाश पडतो. त्यामुळे रंजक फिके पडतात व जिवंत पेशींना इजा होते. यासाठी बदलाच्या काळात शटर बंद असणे अथवा दिवा विझलेला असणे गरजेचे असते. चक्र, शटर व कॅमेरा यांचा मेळ विद्युत संकेताने जुळवितात. मायक्रो-मॅनेजर या मुक्त संगणकप्रणालीत अनेक चक्रांचे चालक उपलब्ध आहेत. तरीही आपले चक्र प्रयोगशाळेतील प्रणालीला जोडता येते की नाही, याची खातरजमा खरेदीपूर्वीच करणे इष्ट ठरते.

पर्याय

प्रकाश उत्सर्जक डायोडचे, म्हणजे एलईडीचे, बहुरंगी दिवे मिलिसेकंदाहून कमी वेळात रंग बदलतात. असा दिवा असल्यास उत्तेजन चक्राची गरज बहुधा उरत नाही. उरलेला खर्च उत्सर्जन चक्राकडे वळविता येतो. दोन रंगांची चित्रे त्याच क्षणी हवी असल्यास प्रतिमा विभाजक किंवा दोन कॅमेरे वापरतात. कारण चक्र कितीही वेगवान असले तरी त्याची दोन चित्रे एकाच क्षणाची नसतात.