औषधाच्या वाटेवरील तारखा

औषधाचा शोध लागणे, त्याच्या विक्रीस सरकारी संमती मिळणे व ते रोग्याच्या हाती पडणे या तीन निरनिराळ्या गोष्टी होत. त्यांमधील अंतर पुष्कळदा प्रयोगशाळेपेक्षा कायदाच ठरवितो. खामगाव वा मेहकर येथील मधुमेही रोग्यास सेमाग्लुटाइड हे औषध केव्हा मिळावे, याचा इतिहास असाच आहे.

इन्शुलिनची कथा निराळी होती. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांच्या प्रयोगांतून त्याचा शोध लागला, आणि १९२३ साली शोधकांनी पेटंटचे हक्क एकेका डॉलरला तेथील विद्यापीठास देऊन टाकले. असे औदार्य पुढे क्वचितच दिसले.

हिंदुस्थानात १९११ च्या कायद्यान्वये प्रत्यक्ष औषधद्रव्यावरही मक्ता मिळत असे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालानंतर १९७० चा कायदा झाला व १९७२ साली तो अमलात आला. त्याने द्रव्यावरील पेटंट बंद करून केवळ ते बनविण्याच्या कृतीस संरक्षण ठेवले. देशी कारखाने निराळ्या कृतीने तीच औषधे स्वस्तात करू लागले. परंतु जागतिक व्यापारकरारामुळे १ जानेवारी २००५ पासून द्रव्यावरील पेटंट पुन्हा आले.

डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीचा सेमाग्लुटाइडविषयीचा अर्ज त्यानंतरचा, मार्च २००६ चा होय. आतड्यातील एका संप्रेरकाचे अनुकरण करून हे औषध रक्तातील साखर व भूक दोन्ही कमी करते. अमेरिकेत मधुमेहासाठी त्याच्या टोचणीस डिसेंबर २०१७ मध्ये व वजन घटविण्यासाठी जून २०२१ मध्ये संमती मिळाली. भारतात गोळ्या जानेवारी २०२२ मध्ये आल्या. आठवड्यास एकदा घ्यावयाची टोचणी मात्र ‘वेगोव्ही’ या नावाने जून २०२५ मध्ये व ‘ओझेम्पिक’ या नावाने डिसेंबर २०२५ मध्ये आली. आरंभी वेगोव्हीचा महिन्याचा खर्चच सतरा हजार रुपयांवर होता.

पेटंटची वीस वर्षे अर्जाच्या दिवसापासून मोजली जातात, विक्रीच्या दिवसापासून नव्हे. ती मार्च २०२६ मध्ये संपली. म्हणजे त्या वीस वर्षांपैकी जेमतेम नऊ महिनेच ही टोचणी येथील दुकानांत होती, आणि तीही मोठ्या मिळकतीच्या घरांपुरतीच.

मक्ता संपला तरी सारे अडथळे संपत नाहीत. अन्य कारखानदारासही आपले औषध मूळ औषधाच्या तोडीचे असल्याचे दाखवून केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी घ्यावीच लागते. शिवाय ओझेम्पिकसारखी टोचणी वापरास काढीपर्यंत २ ते ८ अंश उष्णतेत ठेवावी लागते, आणि बुलढाणा जिल्ह्याच्या वैशाखातील उन्हात ती खेड्यापर्यंत तशी नेणे सोपे नाही. मात्रा हळूहळू वाढविणे व मळमळ, वांती यांकडे लक्ष ठेवणे यांसाठी वैद्याची देखरेखही हवी. कायद्याची मुदत ठरल्या दिवशी संपते. शीतपेटी, वैद्य व परवडणारी किंमत यांची सोय मात्र तालुक्यातालुक्यांतून करावी लागेल, तेव्हाच या शोधाचे फळ तेथील रोग्यास मिळेल.