तार कुठे वाकवायची

पुढे आलेले दात मागे घ्यायला ताकद फारशी लागत नाही. एकेका बाजूला दीडशे-दोनशे ग्रॅमचा ओढा पुरतो. कसब लागतं ते दात मागे येताना त्याचं मूळ सांभाळायला. ब्रॅकेट चिकटतो दाताच्या दर्शनी भागावर, आणि दाताचा विरोध-केंद्रबिंदू असतो आत, हाडातल्या मुळाच्या टापूत. रोवलेला खांब वरून ओढावा तसा दात नुसता ओढला, तर टोक मागे येतं, मूळ पुढे सरकतं आणि दात आडवा पडतो. म्हणून तारेनं ओढ्यासोबत उलटा पीळही द्यायला हवा. पीळ आणि ओढा यांचं गुणोत्तर साधारण सात मिलिमीटर असेल तर दात आटोक्यात कलतो, दहाच्या आसपास सरळ सरकतो, त्यापुढे मूळ हलतं. हे आकडे पाठ करू नका. मुळाची लांबी आणि हाडाची उंची बदलली की तेही बदलतात.

ओढा हलका हवा, तर तारही नरम हवी. गोल तारेचा व्यास निम्मा केला तर ताठपणा सोळाव्या हिश्शावर येतो. लूप घातला की तारेची लांबी वाढते, ती आणखी नरम होते. अँड्रियासन यांनी १९७१मध्ये निकेल-टायटॅनियम दातांच्या तारेसाठी पुढे आणलं. १९८०मध्ये बर्स्टोन आणि गोल्डबर्ग यांनी बीटा-टायटॅनियम आणलं. ते स्टीलच्या निम्म्याहून कमी ताठ, तरी हवं तसं वाकवता येणारं.

याच धातूची वरुण कालरा यांची १९९८ची कमान मला नवशिक्यांसाठी फार मोलाची वाटते. काढलेल्या दाताच्या जागी सात मिलिमीटर उंच, दोन मिलिमीटर रुंद असा यू-लूप, आणि तारेला मोजून दिलेले व्ही-बाक. लूप ताणला की दात आधी कलतो. ओढा ओसरत जातो तसं गुणोत्तर वाढतं, मग दात सरकतो आणि शेवटी मूळ सरळ होतं. हा शेवटचा टप्पा वेळ मागतो. म्हणून सहा ते आठ आठवडे लूप पुन्हा ताणायचा नाही.

न्हावऱ्यासारख्या गावाहून शिरूरला किंवा पुण्याला मुलाला घेऊन येणाऱ्या पालकांना हे पटवणं सोपं नाही. शाळा बुडते, एसटीचं भाडं जातं, आणि डॉक्टर नुसतं बघून परत पाठवतात! ‘आलोच आहोत तर आवळून द्या’ हा आग्रह मोडवत नाही. तरी मोडावा. वारंवार ताणावी लागत नाही, म्हणून लांबच्या पेशंटला ही कमान उलट सोयीचीच आहे. फक्त ब्रॅकेट निघाला किंवा तार टोचू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा, एवढं पहिल्याच दिवशी बजावून ठेवावं.