बहुघटक प्रमाणीकरण

बहुघटक प्रमाणीकरण ही ऑनलाइन खात्यात प्रवेश करू पाहणारी व्यक्ती खरोखर त्या खात्याची धारक आहे का, हे दोन किंवा अधिक भिन्न प्रकारच्या पुराव्यांवरून पडताळण्याची पद्धत होय. पुरावे दोनच असल्यास तिला द्विघटक प्रमाणीकरण म्हणतात. एक पुरावा चोरीला गेला तरी दुसऱ्यावाचून खाते उघडू नये, हा या पद्धतीचा हेतू आहे.

घटकांचे प्रकार

घटकांचे सामान्यतः तीन प्रकार मानले जातात : धारकाला ठाऊक असलेली माहिती (पासवर्ड, पिन), त्याच्याजवळ असलेली वस्तू (मोबाइल, कार्ड) आणि त्याचे शारीरिक वैशिष्ट्य (बोटाचा ठसा, चेहरा). पुरावे वेगवेगळ्या प्रकारांतील असणे आवश्यक असते. पासवर्ड आणि पहिल्या शाळेचे नाव या दोन्ही केवळ ठाऊक असलेल्या गोष्टी असल्याने ते दोन घटक ठरत नाहीत. एटीएममध्ये लागणारे कार्ड व पिन हे मात्र द्विघटक प्रमाणीकरणाचे परिचित उदाहरण आहे.

कार्यपद्धती

एसएमएसने येणारा ओटीपी हा सर्वाधिक परिचित प्रकार आहे. ऑथेंटिकेटर ॲपमध्ये नोंदणीच्या वेळी, बहुधा क्यूआर कोडद्वारे, एक गुप्त संकेत साठवला जातो. तो संकेत आणि चालू वेळ यांवरून ॲप व संकेतस्थळ स्वतंत्रपणे एकच आकडा काढतात. हा आकडा सहसा सहा अंकी असून दर ३० सेकंदांनी बदलतो. त्यामुळे मोबाइलला नेटवर्क नसतानाही तो मिळतो. या पद्धतीचे मानक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. सिक्युरिटी की व पासकी यांत गुप्त किल्ली संकेतस्थळाला कधीच दिली जात नाही आणि ती मूळ संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते. त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या बनावट संकेतस्थळावर ती चालत नाही.

भारतातील वापर

भारतीय रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाद्वारे होणाऱ्या ऑनलाइन व्यवहारांसाठी, कार्डावर न दिसणाऱ्या माहितीवर आधारित अतिरिक्त प्रमाणीकरण बंधनकारक झाले. यूपीआयमध्ये नोंदणीकृत मोबाइल व यूपीआय पिन हे दोन घटक असतात. पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही. तो मागितला जात असल्यास पैसे आपल्या खात्यातून जाणार आहेत, असे समजावे.

मर्यादा

सर्व घटक सारखेच भक्कम नसतात. दुसऱ्याच्या क्रमांकाचे सिमकार्ड फसवणुकीने मिळवल्यास एसएमएसने येणारे ओटीपी चोराच्या हाती पडतात. बनावट संकेतस्थळावर भरलेला ओटीपी त्याच क्षणी मूळ संकेतस्थळावर वापरता येतो. मंजुरीच्या सूचना वारंवार पाठवून, कंटाळलेल्या धारकाकडून होकार मिळवण्याचेही प्रकार घडतात.

ओटीपी धारकानेच फोनवरून सांगितल्यास तो कोणी भरला हे यंत्रणेला ओळखता येत नाही. म्हणून ओटीपीचा संदेश पूर्ण वाचणे महत्त्वाचे असते. व्यवहाराची रक्कम व कारण बहुधा त्यातच नमूद असते. मोबाइल हरवल्यास धारक स्वतःच खात्याबाहेर राहू शकतो. त्यासाठी अनेक सेवा एकदाच वापरता येणारे पर्यायी संकेत देतात. ते कागदावर लिहून मोबाइलपासून वेगळे, सुरक्षित जागी ठेवावे लागतात. आर्थिक फसवणूक झाल्यास भारतात १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवता येते.