अंगठा, नाव आणि माजघर

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "काही इतिहासाचे लिहा" असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा प्रथम मनात आला तो आपला किल्लाच. बाळापूरचा इतिहास म्हटला की मन आणि म्हैस ह्या नद्यांचा संगम, किल्ल्याखालचे बाळादेवीचे देऊळ आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री ह्यांच्यापाशी आपण जाऊन थांबतो. अबुल फझलने 'ऐने अकबरी'त बाळापूरच्या नद्यांकाठी सापडणाऱ्या सुंदर दगडांचीही नोंद केली आहे. राजांची नोंद झाली, दगडांचीही झाली. परंतु त्याच नदीवरून पाणी भरणाऱ्या आपल्या पणज्या-खापरपणज्यांपैकी किती जणींचे नाव आज कोठे लिहिलेले सापडते?

हा प्रश्न मला सुचला तो कपाट आवरताना. मंडळाची जुनी हजेरीवही हाती लागली. पहिल्या पानांवर सह्या थोड्या आणि अंगठे फार. जांभळ्या शाईच्या ठशांशेजारी कोणीतरी लिहिले आहे, 'अमक्याची आई', 'तमक्या मास्तरांच्या सौ.' पुढे पाने उलटत जावे तसे अंगठे कमी होतात आणि वेड्यावाकड्या सह्या दिसू लागतात. वहीच्या शेवटी शेवटी एकही अंगठा नाही. आपल्या साक्षरता वर्गाची ती पुण्याई.

आज मात्र बँकेत, रेशन दुकानात, मोबाइलचे नवे सिम घेताना पुन्हा अंगठाच पुढे करावा लागतो. शिकलेल्यांनाही आणि न शिकलेल्यांनाही. अंगठ्याकडून सहीकडे आणि सहीकडून पुन्हा अंगठ्याकडे असा हा प्रवास कसा झाला, त्यात आपण काय मिळवले आणि काय सांभाळले पाहिजे, एवढेच ह्या लेखात सांगावयाचे आहे.

अंगठ्याची गोष्ट आपल्याच देशातली आहे. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई ह्या कंत्राटदाराकडून करारपत्रावर हाताच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे त्याने "ही सही माझी नव्हे" असे म्हणू नये, एवढाच हेतू. १८९७ साली कलकत्त्यास बोटांच्या ठशांची सरकारी कचेरी निघाली. हजारो ठशांतून हवा तो ठसा शोधून काढण्याची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या दोघा हिंदी कर्मचाऱ्यांचे मोठे श्रम होते. पद्धतीला नाव मात्र त्यांच्या साहेबाचे, एडवर्ड हेन्रीचे, पडले. म्हणजे ठसा घेण्याच्या मुळाशी अविश्वास होता, आणि काम एकाचे व नाव दुसऱ्याचे, हेही तेव्हापासूनच होते.

स्वातंत्र्यानंतर अंगठा पुसण्याचे काम आपण मोठ्या उत्साहाने हाती घेतले. १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम पुढे राज्यभर पसरली. 'अंगठेबहाद्दर' हा शब्द बोचू लागला. माझ्या सासूबाई त्याच काळात आपले नाव लिहायला शिकल्या. दिवसभर शेतात कापूस वेचून संध्याकाळी कंदिलापुढे पाटी घेऊन बसत. ती सही त्यांनी जन्मभर दागिन्यासारखी मिरवली.

काही वर्षांपूर्वी त्यांना घेऊन मी रेशन दुकानात गेले. यंत्रावर अंगठा ठेवला, यंत्र नाही म्हणाले. बोट पदराने पुसले, पुन्हा नाही. त्या म्हणाल्या, "सूनबाई, कापूस येचू येचू अन् भांडे घासू घासू रेघाच गेल्या व माह्या बोटायच्या." मग जरा रागानेच म्हणाल्या, "मले सही येते ना, मंग अंगठा काहून मांगते हे मशीन?" पाचव्या खेपेला दुसऱ्या हाताच्या बोटावर काम झाले आणि गहू-तांदूळ मिळाले. वाटेत त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. ज्या कष्टांनी रेघा झिजल्या, त्या कष्टांचीच जणू शिक्षा झाली, असे मला त्या दिवशी वाटले.

आता नावाची गोष्ट. १९५१-५२ साली देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता व राजधानी नागपूर होती. मतदार याद्या करताना असे आढळले, की असंख्य स्त्रिया आपले नाव सांगतच नाहीत. 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढेच लिहून देतात. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन ह्यांनी ठाम भूमिका घेतली, की स्वतःचे नाव सांगणाऱ्या स्त्रीचीच नोंद होईल. परिणामी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. त्यांत बहुसंख्य उत्तरेकडील राज्यांतल्या होत्या, हे खरे. परंतु आपल्या हजेरीवहीतले 'मास्तरांच्या सौ.' पाहिल्यावर आपल्याला त्यांना हसता येणार नाही. आपण उखाण्यात पतीचे नाव मोठ्या कौतुकाने घेतो. स्वतःचे नाव घेण्याचा उखाणा काही आपल्यात नाही. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले, की माहेरचे नाव शाळेच्या दाखल्यापुरते उरते.

नावाबरोबर सत्ता येते, हे शेतीने दाखवले. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले. त्यानंतर शरद जोशी ह्यांच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली, की पतीने आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा. पुष्कळ गावांनी ती मनावर घेतली. १९९२ साली शासनानेही पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट मोकळी केली. शेतात राबणारीचे नाव शेताच्या कागदावर येण्यास इतकी वर्षे लागली!

आता ह्या दोन्ही गोष्टी, अंगठा आणि नाव, एकत्र आल्या त्या आपल्याच राज्यात. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या आदिवासी गावी, तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग ह्यांच्या उपस्थितीत, देशातले पहिले आधार क्रमांक देण्यात आले. पहिला क्रमांक गावातील एका कष्टकरी स्त्रीला मिळाला. बारा आकडे, त्यांच्यामागे दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा आणि चेहऱ्याचे छायाचित्र. ह्या घटनेचे मोल मी कमी लेखत नाही. 'अमक्याची बायको' म्हणून नव्हे, तर स्वतःच्या शरीराच्या खुणेने एका स्त्रीची नोंद झाली. १९५१ साली गळालेल्या त्या २८ लाख जणींना हे केवढे वाटले असते!

परंतु पूर्वीचा ठसा एका कागदावर एका कपाटात पडून राही. आताचा ठसा आणि क्रमांक बँक, रेशन, दवाखाना, फोन ह्या सर्वांना जोडता येतो. कोणी कोठे काय घेतले, किती पैसे आले, हे सगळे एका धाग्यात ओवता येते. हा धागा कोणाच्या हाती असावा? कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हे वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, २०१२ साली, हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. त्यातील एक निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड ह्यांनी लिहिले. १९७६ साली, आणीबाणीत, नागरिकाच्या स्वातंत्र्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने जो निर्णय दिला होता, तो ह्या निकालाने रद्द झाला. आणि तो देणाऱ्या न्यायमूर्तींत त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड होते. पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने शासकीय लाभांसाठी आधार मान्य केले. बँक खात्याला व मोबाइलला ते जोडण्याची सक्ती मात्र रद्द केली.

'खासगीपणा' हा शब्द पुस्तकी वाटतो. पण आपल्याला तो अनोळखी नाही. जुन्या घरात ओसरीपर्यंत कोणीही येई. माजघरात मात्र विचारल्याशिवाय कोणी पाऊल टाकीत नसे. न्यायालयाने सांगितले ते एवढेच, की प्रत्येक माणसाच्या आयुष्याला एक माजघर असते, आणि दारावर टकटक केल्याशिवाय सरकारनेही आत येऊ नये.

हे मी मोठ्या तोऱ्याने लिहिते आहे खरी. परंतु ती टकटक न करण्याची चूक माझ्या हातून घडलेली आहे. मंडळाच्या सहलीचे काम माझ्याकडे होते. मुक्कामासाठी प्रत्येकीचे आधार कार्ड हवे होते. मी सांगितले, "आपल्या व्हॉट्सअॅपच्या गटात फोटो टाका, म्हणजे मला एकदम मिळतील." तासाभरात चाळीस जणींची नावे, पत्ते, जन्मतारखा आणि क्रमांक साऱ्या गटात फिरले. आपल्यातील एक भगिनी सासरचा जाच सोडून दुसऱ्या गावी राहत होती. तिने नुकताच कार्डावरचा पत्ता बदलला होता. तो फोटो कोणाच्या फोनमधून कोणाकडे गेला, ते कळले नाही. आठ दिवसांत सासरची माणसे तिच्या दारात उभी राहिली. तिला ती खोली सोडावी लागली. ती मला एवढेच म्हणाली, "काकू, माझा पत्ता एवढाच माझा होता." तिची परवानगी घेऊन, तिचे नाव न घेता, हे येथे लिहिले आहे. पहिल्या वेळी मी परवानगी घेतली नव्हती.

२०२४ साली 'माझी लाडकी बहीण' योजना आली, तेव्हा आपण सर्वांनी सेवाकेंद्रांपुढच्या रांगा पाहिल्या. कितीतरी जणींचे दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे आणि बँकेत तिसरेच. दोन नावांच्या बाईला यंत्र ओळखीना. कितीतरी जणींच्या आधारला नंबर मुलाचा. तो पुण्याला कामाला, आणि ओटीपी जाई त्याच्या फोनवर. काहींनी तर ओटीपी रांगेतच मोठ्याने वाचून दाखवला. २०२५ साली ई-केवायसी करताना पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला गेला. ज्यांना दोघेही नाहीत त्या भगिनी अडल्या, आणि त्यांच्यासाठी पुढे वेगळी सोय करावी लागली. १९५१ साली बाई म्हणत होती, "घरधन्याचे नाव लिहा." ह्या वेळी यंत्रच म्हणाले, "घरधन्याचा क्रमांक सांगा." ह्याउलट मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शासकीय कागदपत्रांवर मुलाच्या नावानंतर आईचे नाव लिहिण्याचा निर्णय घेतला, हीही नोंद करावयास हवी.

मग यंत्र वाईट म्हणावे काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याला कारण जात्यावरच्या ओव्या. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि ओव्या विसरल्या जाऊ लागल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ ह्या दोघांनी सहकाऱ्यांसह १९८० नंतरच्या दशकांत गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७ पासून 'पारी' ह्या संकेतस्थळावर त्या क्रमाने येऊ लागल्या. कोणीही, कोठूनही, फुकट ऐकाव्या. तेथे ओवीखाली गाणारीचे नाव आहे, गाव आहे. ज्या बाईचे नाव दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात आले नसते, तिचा आवाज आज तिच्या नावासह जगाच्या पाठीवर ऐकता येतो. तोच संगणक, तेच तंत्र! फरक इतकाच, की येथे कोणीतरी जात्यापाशी बसले, विचारले, आणि तिने आपण होऊन दिले. ओवी दिल्याने तिची कमी झाली नाही. पत्ता न विचारता दिला, तेव्हा मात्र आपल्या भगिनीचे घर गेले. ज्ञान ओसरीवर मांडावे आणि माजघर आपल्या हाती ठेवावे, एवढा विवेक ह्या नव्या काळात आपल्याला हवा. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचेही मुख्य तत्त्व हेच आहे, की माहिती घेताना विचारावे, कशासाठी ते सांगावे, आणि दिलेली संमती परत घेता यावी.

आता मंडळापुढे चार गोष्टी ठेवते. प्रत्येकीने आपल्या आधारला शक्य तर आपलाच मोबाइल नंबर जोडावा. ओटीपी कोणालाही, अगदी ओळखीच्या माणसालाही, सांगू नये. प्रत देणे भाग पडेल तेथे शेवटचे चारच आकडे दाखवणारी झाकलेली प्रत द्यावी. ती आधारच्या संकेतस्थळावरून काढता येते. आणि फसवणूक झालीच, तर लाज न धरता लगेच १९३० ह्या क्रमांकावर कळवावे.

सहलीचे ते सर्व फोटो मी गटातून काढून टाकले आहेत. ज्यांच्या फोनमध्ये अजून असतील त्यांनी कृपा करून तेही काढावेत. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी नवी कोरी हजेरीवही आणणार आहे. तिच्यात क्रमांक नाही, पत्ता नाही. प्रत्येकीने आपले नाव, वाटल्यास माहेरचेही, स्वतःच्या हाताने लिहावे. पहिली ओळ सासूबाईंसाठी राखून ठेवली आहे. त्या सहीच करणार आहेत.