कोंगामाटो
झँबियाच्या वायव्य भागातील दलदलींत राहतो असा समज असलेला दंतकथात्मक उडणारा प्राणी. काओंडे लोकांच्या समजुतीनुसार तो होड्या उलथवितो. ब्रिटिश प्रशासक फ्रँक मेलंड यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याची नोंद केली. त्यांनी दाखविलेले टेरोडॅक्टिलाचे चित्र पाहून लोकांनी होकार दिला. तथापि चित्र दाखवून मिळविलेली साक्ष स्वतंत्र पुरावा ठरत नाही. १९३२-३३ च्या कॅमेरून मोहिमेत आयव्हन सँडरसन यांना दिसलेला मोठा उडणारा प्राणी, त्यांच्याच मते, वटवाघूळ होते. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रॉय मॅकल यांनी १९८८ मध्ये नामिबियात अशाच प्राण्याचा शोध घेतला. नमुना मिळाला नाही. टेरोसॉर सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी निर्वंश झाले. त्यानंतरच्या काळातील त्यांचा एकही जीवाश्म उपलब्ध नाही. त्यामुळे या कथेचे महत्त्व प्राणिविज्ञानापेक्षा लोकसाहित्याच्या अभ्यासात अधिक आहे.