कुऱ्हाडीची डागडुजी व गांवचा लोहार

मराठेशाहींतील तरवारी, भाले व कट्यारी यांचा संग्रह आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. परंतु ज्यांच्यावांचून कोणाच्याही घरची चूल पेटली नसती, ती सरपण फोडावयाची कुऱ्हाड व फांदी छाटावयाचा कोयता यांस संग्रहालयांत क्वचितच जागा मिळते. याला आमची अनास्था कारण आहेच. पण दुसरेंही एक कारण आहे. तरवार म्यानांत राहिली म्हणून उरली. कुऱ्हाड रोज राबली, झिजली, पुन्हां भट्टींत गेली व अखेरीस दुसऱ्या हत्याराच्या रूपानें नाहींशी झाली. या नाहींसें होण्यांतच कुणब्याच्या संसाराचा हिशेब दडलेला आहे, असें आम्हांस वाटतें.

सरपण ही बाब क्षुल्लक मानूं नये. इ. स. १६७३-७४ च्या सुमारास शिवछत्रपतींच्या सरकारांतून चिपळुणाकडील लष्करास गेलेलें पत्र प्रसिद्ध आहे. शिपायांनीं रयतेकडून ज्या वस्तु बळेंच आणूं नयेत, त्यांत दाणे, भाकर, गवत व भाजी यांच्याच ओळींत जळाऊ लाकूडही आलें आहे. घरीं आणून रचलेलें लाकूड हें श्रमानें मिळविलेलें धन होतें, आणि त्या श्रमाचें साधन कुऱ्हाड.

कुऱ्हाडीची घडण पाहिली म्हणजे काटकसर कोठें होती तें कळतें. पोलाद महाग, साधें लोखंड त्या मानानें स्वस्त. म्हणून लोहार नेढ्याचें अंग मऊ लोखंडाचें घडी व धारेपुरतीच पोलादाची पट्टी सांधी. मऊ अंग घाव सोशी, कठीण धार लाकूड तोडी. घासून घासून धार जाड झाली म्हणजे ती तापवून घणानें पातळ करावयाची, कानशीनें सारखी करावयाची व मग तिला पाणी द्यावयाचें. लोहाराची परीक्षा येथेंच. लाल तापलेली धार तेवढी बुडवून वर काढली, कीं मागील उष्णता धारेकडे सरकते आणि घासून उजळलेल्या पोलादावर प्रथम पिवळा, मग तपकिरी, पुढें जांभळा रंग चढतो. पिवळ्यावरच थांबल्यास धार ठिसूळ राहून गांठीवर तुकडा उडतो. निळ्याच्या पुढें गेल्यास ती मऊ पडून दुमडते. म्हणून जांभळा रंग दिसतांच ती पुन्हां बुडवावयाची. पोलाद सरलें तर नवी पट्टी. अंगच फाटलें तर त्याच लोखंडाचें खुरपें. दांडा धावड्याचा किंवा बाभळीचा. तो घरींच तासून, पाचर ठोकून बसवितां येई.

या डागडुजीस रोकड क्वचितच लागे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांवगाडा’ (इ. स. १९१५) या ग्रंथांत बलुत्याची रीत विस्तारानें आली आहे. लोहार हा बलुतेदार. शेतकऱ्यानें लोखंड व कोळसा पुरवावा, लोहारानें वर्षभर हत्यारें नीट करून द्यावीं आणि खळ्यावर धान्याचा वांटा न्यावा, असा हा व्यवहार होता. नव्या हत्याराची मजुरी बहुधा निराळी पडे. म्हणून जुनेंच टिकविण्याकडे कुणब्याचा कल असे.

परंतु ही स्वस्ताई कोणाच्या बळावर उभी होती, हेंही लिहिलें पाहिजे. बलुतें पिकावर अवलंबून होतें. इ. स. १८७६-७८ च्या दुष्काळासारख्या प्रसंगीं जेथें पीकच नाहीं तेथें वांटा कोठला? भाता थंड पडला तरी लोहाराचें पोट थांबत नव्हतें. कुणब्याच्या काटकसरीचा एक भाग लोहाराच्या घरीं उपासाच्या रूपानें फेडला जात होता. बलुत्याची केवळ थोरवी गाणाऱ्यांनीं ही बाजू विसरूं नये.

पुढें विलायती लोखंड व आगगाडी आल्यावर पोलादाची टंचाई सरली, पण काटकसर सरली नाहीं. रस्त्याच्या कडेला पाल ठोकून बसलेले घिसाडी मोटारीच्या जुन्या कमानीच्या पाट्यापासून आजही कोयते व विळे घडवितात. पुरुष सांडशी धरतो, स्त्री घण घालते. तो पाटा मुळांतच सबंध पोलादाचा, म्हणून सांध्याची कला मात्र मागें पडली.

ज्यांच्या माळ्यावर आजोबांची कुऱ्हाड गंजत असेल, त्यांनीं ती भंगारांत घालण्यापूर्वीं धारेजवळ पोलादाचा सांधा दिसतो कीं काय तें पाहावें, आणि ती कोणी घडविली, कोणी पाजली, हें घरच्या वृद्धांस विचारून टिपून ठेवावें. ज्यांच्या नांवें सनदा नाहींत, त्यांच्या इतिहासाचा तोच कागद होय.