दुचाकीवरचा खर्च : कोणता सार्थकी, कोणता पाण्यात?

नवी मोटारसायकल घरी आली, की हार-नारळ होतो आणि दुसऱ्या दिवसापासून ॲक्सेसरीजच्या दुकानाची वाट धरली जाते. सीट कव्हर, लेग गार्ड, मोबाइल होल्डर, जादा दिवे, टाकीवरचे स्टिकर आणि जमल्यास घुमणाऱ्या आवाजाचा सायलेन्सर. गाडीच्या किमतीवर आणखी काही हजार रुपये सहज खर्ची पडतात. हेल्मेटचा क्रमांक या यादीत बहुधा शेवटचा असतो आणि तेही रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेल्या मालातून, पोलिसांनी अडवू नये एवढ्याच हेतूने उचललेले असते.

हा क्रम किती उलटा आहे, हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी सांगते. २०२२ मध्ये देशभरातील रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा बळी गेला. त्यांत दुचाकीवरील मृतांची संख्या सुमारे ७५ हजार होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या होती ५० हजार २९ आणि त्यांपैकी १४ हजार ३३७ जण गाडी चालवत नव्हते, ते मागे बसले होते. घरात एकच हेल्मेट असेल तर ते चालवणाऱ्याच्या डोक्यावर जाते आणि पत्नी किंवा मूल उघड्या डोक्याने बसते, ही आपल्याकडची रीत या आकड्यामागे आहे.

थर्माकोलचा थर हेच खरे हेल्मेट

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये मोटारसायकलच्या अपघातात जखमी झाले आणि सहा दिवसांनी वारले. त्यांच्यावरील उपचारांत सहभागी असलेले मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे दुचाकीस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला. १९४१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांचा लेख आला आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने निरोप्या दुचाकीस्वारांना हेल्मेटची सक्ती केली. त्यानंतरचा मोठा टप्पा अमेरिकेतला. आघात होताच चिरडला जाणारा फोमचा थर असलेल्या हेल्मेटच्या पेटंटसाठी तेथील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकाने १९५३ मध्ये अर्ज केला. आजचे प्रत्येक चांगले हेल्मेट याच तत्त्वावर चालते.

बाहेरचे कवच डोक्याला अणकुचीदार वस्तूपासून वाचवते आणि धक्का एका जागी न ठेवता पसरवते. पण धक्का पचवण्याचे काम करतो तो आतील थर्माकोलचा जाड थर. तो चिरडला जातो, म्हणून डोके थांबायला काही क्षणांश अधिक मिळतात आणि मेंदू कवटीवर कमी जोराने आदळतो. एकदा चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही. त्यामुळे एका मोठ्या पडझडीनंतर, वरून ओरखडाही दिसत नसला तरी, ते हेल्मेट निकालात काढावे लागते. जुन्या बाजारातले हेल्मेट घेऊ नये याचेही कारण हेच. त्याचा पूर्वेतिहास विकणारा सांगत नाही. रस्त्यावरच्या स्वस्त हेल्मेटमध्ये अस्तर बाजूला करून पाहिले, तर या थराच्या जागी अनेकदा पातळ स्पंज आढळतो. अशी वस्तू दंड वाचवते, डोके वाचवत नाही, आणि म्हणूनच दुचाकीसाठी केलेल्या खरेदीत सर्वांत महाग पडणारी वस्तू कोणती, तर हे स्वस्त हेल्मेट.

हेल्मेट घेताना नक्षीपेक्षा माप पाहावे. भुवयांच्या किंचित वरून डोक्याभोवती शिंप्याची टेप फिरवली की सेंटिमीटरमधले माप मिळते. हेल्मेट घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. मान हलवल्यावर ते डोक्यावर स्वतंत्रपणे फिरत असेल, तर एक माप लहान घ्यावे. पट्टा लावून मागची कड पुढे ढकलून पाहावी. हेल्मेट निघून हातात आले, तर अपघातातही ते तसेच निघणार. हनुवटीखालचा पट्टा न लावता हेल्मेट घालणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. त्यांचे हेल्मेट डोके जमिनीवर आपटण्याआधीच दूर जाऊन पडते. टोपीसारख्या अर्ध्या हेल्मेटमध्ये हनुवटी आणि जबडा उघडा राहतो, तेव्हा पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट केव्हाही श्रेयस्कर. काळी काच दिवसा शोभते. रात्री मात्र तीच काच न लावलेल्या दिव्याइतकी घातक ठरते.

आयएसआय खूण खरी की खोटी, हा पुढचा प्रश्न. १ जून २०२१ पासून देशात भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्र नसलेले दुचाकी हेल्मेट बनवणे व विकणे बेकायदा आहे. त्यासाठीचे मानक आयएस ४१५१ हे आहे. खऱ्या खुणेजवळ 'सीएम/एल' या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो आणि तो 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तपासता येतो. नुसत्या आयएसआय अक्षरांचा स्टिकर तर कोणीही छापून घेऊ शकतो. काही हेल्मेटवर अमेरिकेतील 'डॉट' हा शिक्का ठळकपणे मिरवतो. त्या पद्धतीत उत्पादक स्वतःच प्रमाणित करतो, सरकार आधी तपासून शिक्का देत नाही. त्यामुळे पदपथावरच्या हेल्मेटवर तो दिसला तर त्याला काडीचीही किंमत देऊ नये.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेट चालक व मागे बसणारा दोघांनाही बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-ड आले आणि एक हजार रुपये दंडाबरोबर तीन महिने परवाना निलंबनाची तरतूद झाली. तरीही पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात हेल्मेटसक्ती म्हटली की आंदोलन ठरलेले. जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी कारवाई सुरू करताच शहरात मोर्चे निघाले. मान दुखते, ऐकू येत नाही, घाम येतो, उतरल्यावर ठेवायचे कुठे, हे आक्षेप तेव्हाही होते आणि आजही आहेत. ठेवण्याची अडचण खरी आहे आणि डिकी नसलेल्या मोटारसायकलवर हेल्मेटचे कुलूप ही दोनशे-तीनशे रुपयांतली वस्तू ती बरीचशी सोडवते. मान दुखण्याचे मूळ मात्र पुष्कळदा चुकीच्या मापात असते. अनेक देशांतील अभ्यासांचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला एकत्रित आढावा सांगतो, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. घामाच्या तक्रारीला यापुढे किती वजन द्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हात, पाय आणि पाऊस

माणूस पडताना सर्वप्रथम हात पुढे करतो. तळहाताची कातडी डांबरी रस्त्यावर सोलली गेली, की पुढचे कित्येक दिवस घासही दुसऱ्याने भरवावा लागतो. म्हणून तळव्यावर दुहेरी चामडे वा टणक पट्टी असलेले हातमोजे ही हेल्मेटनंतरची सर्वांत उपयोगी खरेदी. उन्हापासून बचावासाठी मिळणारे कापडी हातमोजे घर्षणात टिकत नाहीत. पायांचे तसेच. चप्पल किंवा सँडल घालून लांबचा प्रवास करणाऱ्याचा घोटा आणि बोटे गाडीखाली सापडतात. घोटा झाकणारा साधा जाड बूटही त्याहून कितीतरी बरा.

रायडिंग जॅकेटचा बाजार गेल्या दशकात आपल्याकडे खूप वाढला आणि त्याबरोबर फसवणूकही. कोपर व खांद्यातील संरक्षक पट्ट्या जॅकेटच्या किमतीचे खरे कारण असतात. त्यांवर युरोपीय मानकाचा ईएन १६२१-१ हा क्रमांक व 'लेव्हल १' किंवा 'लेव्हल २' असे कोरलेले असते. पाठीसाठीचा क्रमांक ईएन १६२१-२. बऱ्याच जॅकेटमध्ये पाठीच्या खिशात मात्र भरावाचा फोम ठेवलेला असतो, जो दाबला की दोन बोटांत चपटा होतो. तो काढून खरा संरक्षक बसवणे हा खर्च सार्थकी लागतो. महाराष्ट्राच्या हवेत जाळीदार कापडाचे जॅकेट घ्यावे. मार्च ते मे या काळात जाड जॅकेट खुंटीला टांगलेले राहते आणि टांगलेले जॅकेट कोणाला वाचवत नाही.

पावसाळी कोटाच्या बाबतीत घोळदार पोंचो ही सर्वांत वाईट निवड होय. वाऱ्याने तो फुगतो, गाडीला ओढ देतो आणि त्याचे टोक चाकात जाऊ शकते. शर्ट-पँट असा दोन भागांचा, शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेला आणि फिकट किंवा चमकत्या रंगाचा कोट घ्यावा. ताम्हिणी किंवा आंबेनळी घाटात धुके उतरले, की काळ्या कोटातला दुचाकीस्वार समोरच्या चालकाला दिसेनासा होतो.

साडी गार्डची टर

मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला बसवलेली जाळी तरुण मंडळींना अवजड आणि कुरूप वाटते. गाडीला 'स्पोर्टी' रूप यावे म्हणून ती काढण्याचे काम गॅरेजमध्ये दहा मिनिटांत होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ नुसार मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे हे आवरण, मागे बसणाऱ्यासाठी धरण्याची सोय आणि पाय ठेवण्याची जागा या तिन्ही गोष्टी बंधनकारक आहेत. साडीचा पदर, ओढणी, लांब स्कार्फ चाकात वा साखळीत अडकला, की गळ्याला फास बसतो किंवा माणूस मागे खेचला जातो. प्रसिद्ध नर्तकी इझाडोरा डंकन १९२७ मध्ये फ्रान्समधील नीस येथे मोटारीच्या चाकात स्कार्फ अडकूनच मृत्युमुखी पडल्या आणि वैद्यकीय लिखाणात अशा इजेला त्यांचेच नाव दिले जाते. आपल्या अस्थिव्यंग व आपत्कालीन विभागांना ओढणीचे अपघात नवे नाहीत. पैसे देऊन सुरक्षितता काढून टाकण्याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

आवाज, दिवे आणि 'दादा'

पाण्यात गेलेल्या खर्चात पहिला मान सायलेन्सरचा. ८० ते १७५ सीसीपर्यंतच्या मोटारसायकलला ७७ आणि त्यावरील गाडीला ८० डेसिबल ही उत्पादनाच्या वेळची मर्यादा आहे. बदललेला सायलेन्सर ती सहज ओलांडतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाड्यांत धूर शुद्ध करणारा भागही याच नळीत असतो, तोही बदलताना भंगारात जातो. गाडीत विनापरवाना फेरबदल केल्यास कलम १८२-अ नुसार प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याची दृश्ये वाचकांनी पाहिली असतीलच. हौसेने घेतलेल्या वस्तूचा तो शेवट.

दिव्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण अंधाऱ्या राज्य मार्गावर अधिक प्रकाश हवा असणे रास्तच आहे. पण हॅलोजन बल्बसाठी घडवलेल्या परावर्तकात झगझगीत एलईडी बल्ब खुपसला, की प्रकाश ठरलेल्या जागी न पडता चहूकडे विखुरतो. समोरचा आंधळा होतो आणि स्वतःला फारसे अधिक दिसत नाही. जादा दिवे बसवायचेच असतील तर फ्यूज आणि रिलेसह, खाली झुकवून आणि वायर न तोडता बसवणारा कारागीर शोधावा. गाडीच्या वायरिंगला मध्येच काप देऊन केलेली जोडणी पहिल्या पावसात त्रास देते.

क्रमांकाचे आकडे वळवून 'दादा' किंवा 'बॉस' लिहिण्याची हौस आता जवळपास निकालात निघाली आहे. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्या उच्च सुरक्षा क्रमांकपाटीसहच येतात.

मोबाइल होल्डर हा घरोघर खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्यांमुळे सर्वत्र दिसू लागला. वाट दाखवण्यासाठी तो सोयीचा आहे, मात्र इंजिनाची कंपने फोनच्या कॅमेऱ्यातील प्रतिमा स्थिर करणाऱ्या यंत्रणेला बाधक ठरू शकतात, असा इशारा ॲपल कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला होता. कंपन शोषणारी रबरी जोडणी असलेला होल्डर त्यामुळे थोडा महाग पडला तरी परवडतो.

स्वस्तात मस्त म्हणावी अशी वस्तू एकच, ट्यूबलेस टायरचे पंक्चर काढण्याचा संच. दोन सुया, चिकट दोऱ्या आणि हातपंप. एकदा घरासमोर सराव केला, की भर दुपारी ओसाड रस्त्यावर गाडी ढकलण्याची वेळ येत नाही. सामान बांधण्याची आकड्यांची लवचीक दोरी मात्र जपून वापरावी. ताणलेला आकडा सुटून डोळ्यावर बसतो, शिवाय सैल टोक साखळीत जाते. त्यापेक्षा बकलाचा सपाट पट्टा घ्यावा.

लहान मुलाला टाकीवर पुढे बसवून नेणे आपल्याकडे सर्रास चालते. १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलासाठी, चालकाला जोडलेला सुरक्षा पट्टा आणि डोक्याला बसणारे हेल्मेट आवश्यक आहे. सायकलचे प्रमाणित हेल्मेटही चालते. वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा, असेही नियम सांगतो. या पट्ट्याची मागणी अद्याप इतकी कमी आहे, की बहुतेक दुकानांत तो मागवून घ्यावा लागतो. मुलाच्या मापाचे हेल्मेट मात्र दुकानात मुलाला सोबत नेऊनच घ्यावे. 'वाढत्या अंगाचे' म्हणून एक माप मोठे घेण्याची कपड्यांची सवय येथे उपयोगी नाही.